मालिकेचा एकच भाग, पण पक्का: कागदापासून एडिटपर्यंत

राज्य नाट्य स्पर्धा, विद्यापीठांचे युवक महोत्सव आणि गावोगावच्या एकांकिका स्पर्धा यांतून मराठवाड्यात लिहिणारी पोरं-पोरी दरवर्षी तयार होतात. यातली काहीजण पुढे मालिकेसाठी किंवा ओटीटीसाठी पहिला भाग लिहायला बसतात आणि तिथे दोन गोष्टी हटकून बिघडतात. एक तर पाऊण तासाची एकांकिका बावीस मिनिटांत कोंबली जाते. नाहीतर ‘मालिका पुढे चालणारच आहे’ म्हणून भागात काहीच पूर्ण होत नाही. हा लेख या दुसऱ्या चुकीवर जास्त बोलतो, कारण चांगले लिहिणारेही तीच करतात.

अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता हातात साधारण २१ ते २२ मिनिटं उरतात. खालचं सगळं गणित त्याच मापाचं आहे. ओटीटीचा भाग ४० मिनिटांचा असला तरी पायऱ्या याच, फक्त मोठ्या सीनला जागा जास्त मिळते.

पहिली पायरी: भागाचा स्वतःचा प्रश्न

मालिकेचा प्रश्न आणि भागाचा प्रश्न वेगळे असतात. ‘या घराचं पुढे काय होणार’ हा मालिकेचा प्रश्न, तो शंभर भाग उघडा राहू शकतो. भागाचा प्रश्न मात्र पहिल्या तीन मिनिटांत पडला पाहिजे आणि त्याच भागात त्याचं उत्तर मिळालं पाहिजे. उत्तर ‘हो’ असेल, ‘नाही’ असेल, पण मिळालं पाहिजे. आणि ते मिळाल्यावर पात्रांना काल सकाळी होते तिथे परत जाता येऊ नये.

रोजच्या मालिकांचे बहुतेक भाग नेमके इथेच पडतात. शेवटच्या मिनिटाला दार उघडतं, कुणीतरी आत येतं, सगळ्यांचे चेहरे तीन-तीनदा दिसतात आणि दुसऱ्या दिवशी कळतं की आलेला माणूस वेगळ्याच कामासाठी आला होता. प्रेक्षक एकदा फसतो, दोनदा फसतो, मग तो शेवटच्या मिनिटाला उठून पाणी प्यायला जातो. तेव्हा कागदावर सगळ्यात वर एक वाक्य लिहा: ‘आज अमुक माणसाला अमुक गोष्ट अमुक वेळेच्या आत मिळेल का?’ यात माणूस, गोष्ट आणि वेळ तिन्ही नसतील तर पुढचं पान उघडू नका.

पुढच्या पायऱ्यांसाठी एक काल्पनिक भाग धरून चालू. बीड जिल्ह्यातलं ऊसतोड कामगाराचं घर. दसरा झालाय, टोळी कारखान्याकडे निघायची आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. त्या कोयत्यावर मुकादमाकडून, म्हणजे टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून, एक लाख उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली आहे. मुलगी दहावीला आहे. बाईला, तिला विमल म्हणू, यंदा जायचं नाही. पोरीची दहावी होईपर्यंत तिला घरी थांबायचंय. भागाचा प्रश्न: ‘संध्याकाळी मुकादमाचा ट्रॅक्टर येण्याआधी विमल स्वतःला उचलीतून सोडवून घेईल का?’

दुसरी पायरी: घड्याळ आणि जागा

उत्तम भागाला बहुतेक वेळा स्वतःचं घड्याळ असतं. मराठवाड्यात ते शोधायला लांब जावं लागत नाही. टँकरची पाळी. आडतीवर सोयाबीनचा लिलाव पुकारायच्या आधीचा तास. येळवसेच्या (वेळा अमावास्येच्या) दिवशी शेतात सगळं गोत जमलेलं असताना कुणीतरी वाटणीचा विषय काढतो ती दुपार. बारावीच्या निकालाची सकाळ. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आलं, तेव्हाची स्टेशनालगतच्या एखाद्या घरातली एक रात्रही भाग होऊ शकते. यातल्या प्रत्येक प्रसंगाला अंगभूत शेवट आहे: टँकर रिकामा होतो, लिलाव संपतो, निकाल लागतो. बाहेरून घाई आणावी लागत नाही.

जागा मुख्य दोनच ठेवा. तिसरी लागली तर ती अर्ध्या मिनिटाची. याचं कारण कलेचं आहे तसंच पैशाचंही आहे. दैनंदिन मालिकेचं युनिट साधारण दिवसाला एका भागाइतकं काम उरकतं. प्रत्येक जागाबदलात लाईट हलवणं, पुन्हा लावणं, आवाज तपासणं यात तास जातो, आणि तो तास शेवटी मोठ्या सीनच्या रिहर्सलमधून कापला जातो. ‘ब्रेकिंग बॅड’ या अमेरिकी मालिकेतला ‘फ्लाय’ हा २०१० चा भाग खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी जवळजवळ पूर्ण एका प्रयोगशाळेत, दोन पात्रांवर केला गेला. २०२५ च्या ‘ॲडोलेसन्स’ या ब्रिटिश मालिकेच्या चार भागांतला प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये घेतलाय. तिसऱ्या भागाचा मोठा हिस्सा एका खोलीत, एक मुलगा आणि एक मानसशास्त्रज्ञ यांच्यात घडतो. आपल्याकडच्या एकांकिकेवाल्यांना एका खोलीत ताण टिकवायची सवय आधीपासून आहे. टीव्हीत येताना नेमकी तीच सोडून ड्रोनच्या मागे लागू नये.

पात्रं चार ते पाच. आपल्या भागात विमल, नवरा दत्ता, सासू, मुलगी पूजा आणि मुकादम. जागा: घर आणि घरासमोरचं अंगण.

तिसरी पायरी: वन लाईन, मिनिटांसकट

वन लाईन म्हणजे प्रत्येक सीनचं एक-दोन ओळींत टिपण. त्यात फक्त ‘काय घडतं’ लिहून भागत नाही. ‘सीन संपताना काय बदललेलं असतं’ हेही लिहायचं. दुसरं लिहिता येत नसेल तर सीन काढून टाका. एरवी एका भागात दहा-बारा सीन असतात. लक्षात राहणाऱ्या भागाला सात-आठ पुरतात.

सीन १, दोन मिनिटं: सकाळ. वाकळा, पातेली, पत्र्याची पेटी बांधणं चाललंय. सासू नातीला सांगते, घरात आता तू आणि मी. बदल: विमल सगळं बांधते पण स्वतःचं लुगडं बाजूला ठेवते.

सीन २, दीड मिनिट: पूजाचा दहावी बोर्डाचा फॉर्म, पालकाची सही हवी. ती आईला सांगते, मागच्या हंगामात आजी आजारी पडली तेव्हा पंधरा दिवस शाळा बुडाली. बदल: विमल ठरवते, उचल परत करायची.

सीन ३, अडीच मिनिटं: ज्वारीच्या कोठीत लपवलेला डबा. लाखातले वीस हजार जुनी देणी आणि किराण्यात गेलेत हे तिला माहीत आहे. डब्यात ८० असायला हवेत. ३५ निघतात. इथे ब्रेक.

सीन ४, तीन मिनिटं: विमल सासूला विचारते. कळतं की ४५ हजार पूजाच्या सोयरिकीत गेलेत. बदल: आता प्रश्न दहावीचा राहिला नाही, पोरीचा झाला.

सीन ५, पाच मिनिटं: अंगणात दत्ता आणि विमल. मोठा सीन. याच्या शेवटी दुसरा ब्रेक.

सीन ६, दोन मिनिटं: पूजा बापाकडे फॉर्म घेऊन येते, पेन पुढे करते.

सीन ७, चार मिनिटं: मुकादम, वही, टोळीतली माणसं. उत्तर इथे मिळतं.

सीन ८, एक मिनिट: ट्रॅक्टर निघतो.

बेरीज २१. अर्धा मिनिट कमी-जास्त एडिटमध्ये सावरतं, तीन मिनिटं सावरत नाहीत.

आकडे एवढे काटेकोर का, तर प्रेक्षकाला हिशेब मांडता आला पाहिजे. पूर्ण कोयत्याचा लाख, म्हणून अर्ध्या कोयत्याचे पन्नास हजार परत द्यायचे. डब्यात पस्तीस. पंधरा कमी. हे गणित प्रेक्षकाच्या डोक्यात सातव्या सीनच्या आधी चालू झालेलं असेल तर मुकादमाने वही उघडल्यावर पार्श्वसंगीताची गरज पडत नाही. ‘खूप पैसे’, ‘मोठं कर्ज’ असं मोघम लिहिलं की हा ताण मरतो.

ब्रेक कुठे घ्यायचा याचा नियम सरळ आहे. ब्रेकआधी प्रेक्षकाला नवीन माहिती द्या, ती रोखून धरू नका. ‘डब्यात ३५ आहेत’ दाखवून ब्रेक घ्या. डबा उघडताना विमलचा चेहरा दाखवून आत काय आहे ते लपवलं, तर ब्रेकनंतर तेच उघडण्यात वीस सेकंद जातात आणि हाती काही नवं लागत नाही.

माहिती कशी कळते हेही पाहा. सासूचं बोलणं दाराआडून ऐकणं ही मालिकांमधली सर्वांत थकलेली सोय आहे. त्यात पात्राला काहीच करावं लागत नाही. विमल डबा मोजते, मग सासूला तोंडावर विचारते. पूजा दाराआड उभी राहत नाही, पेन घेऊन समोर येते.

चौथी पायरी: मोठा सीन

भागातला एक सीन इतरांच्या दुप्पट लांब असू द्या. सगळे सीन दोन-दोन मिनिटांचे ठेवले की भाग सपाट होतो. कशाला वजन आहे ते कळत नाही.

मोठा सीन उभा राहतो तो समोरच्या माणसाच्या बाजूवर. दत्ता दारुडा आणि दुष्ट केला की सीन दीड मिनिटात संपतो, कारण प्रेक्षकाचा निकाल आधीच लागलेला असतो. दत्ताकडे खरं कारण हवं. सहा महिने आई-बाप परमुलखात, घरात म्हातारी आणि पंधरा वर्षांची पोर. त्याला रात्री उसाच्या फडावर झोप लागत नाही. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह आहे, पण त्याचा भरवसा बसत नाही. लग्न म्हणजे त्याच्या हिशेबात पोरीची राखण. हे त्याचं म्हणणं चूक आहे, अठराच्या आतलं लग्न बेकायदाही आहे, पण भीती खरी आहे. ती खरी वाटली तरच विमलचं ‘नाही’ जड होतं.

असा सीन लिहिताना हाताला काम द्या. दत्ता कोयत्याला कानस मारतोय. बोलणं असं:

विमल : डब्यात पस्तीस हायेत.
दत्ता : मोजायला कुनी सांगितलं तुला?
विमल : पंचेचाळीस कुठंयत ओ?
दत्ता : पोरीच्याच कामाला गेलेत.
विमल : पोरीचं काम फॉर्मचं हाय. त्याला एवढे लागतेत व्हय?

दत्ता कानस मारायची थांबवत नाही. पुढच्या दोन मिनिटांत आवाज वाढत जातो तो कानशीचा, माणसांचा नाही. ‘सोयरीक’ हा शब्द दोघांपैकी कुणीच उच्चारत नाही, कारण चौथ्या सीनमध्ये प्रेक्षकाला तो कळून चुकलाय. दैनंदिन मालिकेत चॅनलकडून ‘मधूनच बघणाऱ्याला कळायला हवं’ अशी सूचना येते आणि मग पात्रं एकमेकांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी सांगू लागतात. ती सूचना चुकीची नाही. पण त्यासाठी संवाद नको, वस्तू वापरा: फॉर्म, डबा, वही. मधूनच टीव्ही लावणाऱ्यालाही फॉर्म हातात धरलेली पोर आणि कोयता हातात धरलेला बाप दिसला की पुरे.

सीनची लांबी तपासायची तर मोबाईलवर वेळ लावून मोठ्याने वाचा. ‘एक पान एक मिनिट’ हा हिशेब संवादांनी भरलेल्या देवनागरी पानाला लागू पडेलच असं नाही. शांततेच्या जागी वाचताना खरोखर थांबा. न थांबता वाचलेला पाच मिनिटांचा सीन सेटवर साडेसहा मिनिटांचा होतो.

पाचवी पायरी: बोली

मालिकांमध्ये एक ‘गावरान’ बोली चालते, जी कुठल्याच गावची नसते. मराठवाडा म्हणून पाटी लावली आणि माणसं असल्या बोलीत बोलली, की इथला प्रेक्षक पहिल्या वाक्याला परका होतो. बीड-परभणीकडे ‘काय करायलास?’ ऐकू येतं, लातूर-धाराशिवकडे ‘काय करलालास?’. नांदेडच्या सीमेवर तेलुगू-कन्नडची हवा लागते, आणि निजामाच्या राजवटीमुळे उर्दूचे शब्द तर सगळीकडे. तालुका ठरवा, मग बोली ठरवा.

लिहिताना मात्र सगळे शब्द बोलीत मोडू नका. क्रियापदाचे शेवट, हाक मारायची तऱ्हा आणि पाच-सहा नेहमीचे शब्द यांत बोली धरली की नट बाकीचं लयीत घेतो. प्रत्येक पात्राची पट्टीही वेगळी असते. सासू पूर्ण बोलीत बोलेल, पूजा शाळेचं मराठी आणि घरचं मराठी मिसळेल, मुकादम हिशेबाचं बोलताना एकदम स्वच्छ, कागदी बोलेल. त्याच्या बोलण्यातला तो बदल ऐकूनच टोळीतली माणसं सरळ उभी राहतात.

धंद्याचे शब्द तपासून घ्या. उचल, फड, कोपी (फडावरची झोपडी), पाचट (उसाची वाळलेली पानं), खाडा, अर्धा कोयता. ‘खाडा’ म्हणजे कामावर न गेलेला दिवस, आणि त्याचे पैसे कापले जातात. हा एक शब्द मुकादमाच्या तोंडी योग्य जागी आला, तर शोषणावरचं पानभर भाषण टळतं. भाषण लिहायचा मोह सातव्या सीनमध्ये हमखास होतो. विमलला तिथे दोनच वाक्यं हवीत: ‘ह्यांचा अर्धा कोयता लिहा, मुकादम. मी यायची नाही.’ ती पस्तीस हजार वहीवर ठेवते. मुकादम मोजतो, उरलेले पंधरा दत्ताच्या नावावर लिहितो. सगळ्या टोळीसमोर लिहिलेलं आता खोडता येत नाही. सोयरीक मोडली की नाही, हे या भागाने सांगायचं नाही. तो मालिकेचा प्रश्न आहे.

सहावी पायरी: सेटवर

मोठा सीन दिवसात आधी घ्या, दुपारच्या जेवणाच्या आत. युनिट ताजं असतं आणि बाहेरचा उजेड हातात असतो. सगळं काम झाल्यावर ‘आता निवांत करू’ म्हणून ठेवलेला सीन शिफ्ट संपायच्या घाईत उरकला जातो. आधी पूर्ण सीनचा मास्टर शॉट (सगळी पात्रं दिसतील असा) एका दमात घ्या, मग चेहऱ्यांचे क्लोज. उलट केलं तर नट तुकड्यांत अभिनय करतात आणि एडिटला दोन टेकमधले सूर जुळत नाहीत.

नोटा मोजायच्या सीनकडे विशेष लक्ष द्या. ३५ हजार म्हणजे पाचशेच्या सत्तर नोटा, ८० हजार म्हणजे एकशे साठ. गड्डी निम्म्याहून पातळ आहे हे डोळ्याला दिसलं पाहिजे. प्रॉपवाल्याने आणलेल्या खेळातल्या नोटा एचडीत लगेच ओळखू येतात, म्हणून वर-खाली खऱ्या नोटा ठेवा. मोजताना विमलने अंगठा जिभेला लावून मोजावं, मधे चुकावं, पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं. दुसऱ्यांदा मोजतानाच भीती दिसते. हा शॉट वरून, हातांवर. चेहरा शेवटी, एकदाच.

प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प उभं करून मिनिटभर नुसता तिथला आवाज रेकॉर्ड करा. हे काम कंटाळवाणं म्हणून टाळलं जातं आणि मग एडिटमध्ये दोन संवादांच्या मधली शांतता खड्ड्यासारखी ऐकू येते. तो खड्डा बुजवायला संगीत येतं, आणि संगीत आलं की सीन आपल्याला काय वाटायला हवं ते सांगू लागतो.

सातवी पायरी: एडिट

पहिला कट पार्श्वसंगीताशिवाय बघा. जिथे सीन लटका पडतो तिथे संगीताची नाही, कापायची गरज असते. बहुतेक वेळा सीनचे पहिले दोन संवाद जातात: कुणीतरी आत येणं, ‘काय गं, काय चाललंय’ म्हणणं. सीन शक्य तितका उशिरा सुरू करा.

मग आवाज बंद करून बघा. कोण कुणाकडे कधी बघतं, कोण नजर चुकवतं, वस्तू कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जाते, एवढ्यावर गोष्ट कळते का? कळत नसेल तर भाग रेडिओचा झालाय.

प्रतिक्रियांचे शॉट मोजा. एका धक्क्याला एक चेहरा, आणि तो ज्याचं सगळ्यात जास्त जातं त्याचा. सातव्या सीनमध्ये विमल बोलल्यावर कॅमेरा पाच जणांवर फिरवायचा नाही. दत्ताच्या चेहऱ्यावर थांबायचं. पाच चेहऱ्यांची पाळी येते ती भागात मुळात मजकूर कमी असल्यामुळे, मिनिटं भरायला. तसं झालं असेल तर दोष एडिटरचा नसून वन लाईनचा आहे, आणि उपाय पाचव्या सीनला आणखी चाळीस सेकंद देण्यात आहे.

तयार भाग ज्यांनी मालिका बघितलेली नाही अशा दोघा-तिघांना दाखवा, शक्यतो त्या धंद्यातल्या माणसाला. ‘आवडलं का’ असं विचारू नका, भिडेखातर होच म्हणतील. तीन गोष्टी विचारा: बाईला काय हवं होतं, किती पैसे कमी पडले, नवऱ्याचं कुठे पटलं. तिसऱ्याला उत्तर आलं नाही तर मोठा सीन पुन्हा उघडावा लागेल.

शेवटी प्रीकॅप, म्हणजे उद्याच्या भागाची झलक. चॅनलला तो लागतो आणि उद्याचं सगळ्यात खळबळजनक वाक्य तिथे टाकायची पद्धत आहे. तसं केलं तर आज मिळालेलं उत्तर लगेच पुसलं जातं. आठव्या सीनच्या शेवटच्या फ्रेमवर निदान चार सेकंद थांबा, ट्रॅक्टरचा आवाज पूर्ण विरू द्या. मग प्रीकॅपमध्ये निकालानंतरची गोष्ट दाखवा: सोयरे दारात येऊन बसलेत आणि पूजा त्यांना पाणी देतेय. विमल परत टोळीत निघाल्याचा भास होईल असा एकही शॉट त्यात नको.